दार, खोली, खुर्ची: बारा शॉट घेतले, दोनसुद्धा जुळेनात

अर्धाटेक

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. स्वार्थी म्हणा हवं तर.

फिल्ममेकिंगच्या कोर्सला पहिल्या वर्षाला आहे. पहिला सराव बहुतेक ठिकाणी देतात तोच मिळालाय: एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोरच्या खुर्चीत बसतो, दोघं दोन-दोन वाक्यं बोलतात. संपलं. अटी तीन: हालचाल कटमधून सलग वाटली पाहिजे, शॉट-रिव्हर्स शॉट (एकदा हा, एकदा त्याच्या समोरचा) पाहिजे आणि १८० अंशांची लाइन मोडायची नाही, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे न्यायचा नाही.

वाचून हसलो होतो. शॉटांची नावं तर पाठ. लाँग, मिड, क्लोजअप, टू शॉट, इन्सर्ट, पॅन, टिल्ट, सगळं परीक्षेत आकृत्यांसकट लिहून आलोय. चौघांचा गट, एक अख्खा दिवस, बारा शॉट. संध्याकाळी घरी जाताना आम्ही पुढच्या फिल्मच्या गप्पा मारत होतो.

काल रात्री एडिटला बसलो.

पहिला घोळ दारातच. बाहेरच्या शॉटमध्ये आमचा पाहुणा उजव्या हाताने हँडल फिरवतो आणि आतल्या शॉटमध्ये डाव्या हाताने दार लोटत येतो. या दोन शॉटांच्या मध्ये दोन तास गेले होते. तेवढ्यात त्याची बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर कधी गेली, हे चौघांपैकी एकालाही आठवत नाही.

मग संवाद. दोघं समोरासमोर बसलेत, पण कट मारला की दोघंही डावीकडेच बघतात. जणू खोलीत तिसरा कोणी आहे आणि दोघं मिळून त्याला झापताहेत. यातलं कारण मला सापडलंय. एकाचा क्लोजअप खिडकीच्या बाजूने घेतला, कारण चेहऱ्यावर उजेड छान पडत होता. दुसऱ्याचा भिंतीच्या बाजूने घेतला, कारण तिकडे ट्रायपॉडला जागा होती. लाइन ओलांडली म्हणतात ती हीच, हे स्क्रीनवर बघेपर्यंत डोक्यात आलं नाही. व्याख्या तर तोंडपाठ होती!

शिवाय लाँगवरून (लांबून, अख्खा माणूस) मिडवर (कंबरेपासून वर) कट केला की माणूस टुणकन उडी मारतो, जागचा हललेला नसताना. दार उघडलं की खोली काळवंडते, बंद झालं की उजळते, भुताच्या सिनेमासारखी. आणि ट्यूबलाइट चालू असलेल्या शॉटांत आडवे पट्टे सरकताहेत.

तीन आठवड्यांनी पुन्हा शूट करायची परवानगी मिळालीय. कुठून सुरुवात करू?

तिरकस

ती भुताची फिल्म म्हणून जमा करून टाक. दोघं डावीकडे बघतात तिथे भूत बसलंय. (ह.घ्या., हलके घ्या)

नवखी

वाचतेय. पुढच्या महिन्यात आमचाही हाच सराव आहे, त्यामुळे वाचतेय म्हणजे फारच मन लावून वाचतेय.

कातरकाम

मी एडिटिंग करते. विद्यार्थ्यांचं फुटेज बरंच हाताखालून जातं, म्हणून न बघता एक अंदाज करते: तुझ्या बाराही शॉटांचं मिळून फुटेज जेमतेम सहा-सात मिनिटांचं असणार. बरोबर? कागदावर 'क्लोजअप: हँडल फिरवतो' असं लिहिलं होतं, म्हणून हँडल फिरलं की कॅमेरा बंद. म्हणजे घेतानाच तुम्ही कापून ठेवलंत, मला कापायला काही ठेवलंच नाहीत.

दाराचा प्रसंग असा घे. बाहेरून: चालत येतो, थांबतो, हँडल धरतो, दार ढकलतो, आत दोन पावलं जातो. आता कॅमेरा आत ने आणि तीच क्रिया पुन्हा पूर्ण घे, दार हलायच्या कितीतरी आधीपासून. दोन्हीकडे सगळं आहे असं झालं की कट कुठे मारायचा याची निवड तुझ्या हातात येते.

कट मारायचा हालचालीच्या पोटात. हँडल अर्धं फिरलंय तिथे बाहेरचा शॉट सोडायचा आणि आतल्या शॉटमध्ये दार फटभर उघडतंय तिथून पकडायचं. बघणाऱ्याची नजर हालचालीमागे धावत असते, सांध्याकडे तिचं लक्ष जात नाही. नवखे लोक बरोबर उलटं करतात. क्रिया पूर्ण होऊ देतात, एक क्षण थांबतात आणि मग कट. तिथे सांधा उघडा पडतो. जागा ठरली की दोन्ही बाजूंनी दोन-तीन फ्रेम काढून-घालून बघ. सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे तीन फ्रेम हा सेकंदाचा आठवा भाग झाला. तेवढ्यात दार सरळ उघडतं किंवा अडखळतं.

'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधी मनात पाच मोज आणि काम झाल्यावर 'कट' म्हणायच्या आधी पुन्हा पाच. त्या शेवटच्या पाच सेकंदांत नट कधीकधी असं काही करून जातो की तोच शॉटचा सगळ्यात चांगला भाग ठरतो.

उडीचं कारण: तू कॅमेरा जागचा न हलवता थोडं झूम केलंस. बरोबर ना? अँगल निदान ३० अंशांनी बदल आणि शॉटचा आकारही ठळक बदल. लाँगवरून जरासा कमी लाँग, हा बदल नव्हे, ती उचकी.

अर्धाटेक

कातरकाम ताई, पाच मिनिटं चाळीस सेकंद. तुम्ही हार्ड डिस्क बघितलीत की काय!

जुना_ट्रायपॉड

दोरी आणा.

चेष्टा नाही. दोन खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर दोरी ताणून टाका, एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत. हीच ती लाइन. सेटवर आम्ही इमॅजिनरी लाइन म्हणतो, पण सुरुवातीला काल्पनिक कशाला ठेवायची? खरीच घालून टाका आणि दिवसभर कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवा. मी असिस्टंट असताना चिकटपट्टी लावून ठेवायचो, आणि नट तिला अडखळतात म्हणून शिव्याही खायचो.

लाइन मोडली का हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो, पुस्तकात फारशी नसते. ओव्हर द शोल्डर, म्हणजे ज्याला आमच्याकडे 'सजेशन' म्हणतात, तो शॉट लावताना बघा: एकाच्या उजव्या खांद्यावरून घेतलात, तर दुसऱ्याच्या डाव्या खांद्यावरून आला पाहिजे. दोन्हीकडे उजवाच खांदा आला, की समजा दोरीवरून उडी मारलीत. कॅमेरामन, दिग्दर्शक आणि नट असे तिघं डोकं खाजवत उभे असतात तेव्हा एवढं खांद्याचं गणित वाद मिटवतं.

लुकबद्दलही सांगतो. क्लोजअप घेताना समोरचा नट दमून बाहेर जाऊन बसतो आणि कॅमेऱ्यासमोरचा बिचारा भिंतीवरच्या डागाशी बोलतो. तसं करू नका. समोरच्याला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसवा, लेन्सला जवळजवळ कान लावून. नजर लेन्सच्या जितकी जवळ, तितका बघणाऱ्याला माणूस जवळचा वाटतो. आणि दोन्ही क्लोजअपमध्ये कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि अंतर सारखं ठेवा. नाहीतर एक जण पासपोर्टच्या फोटोत आणि दुसरा दुर्बिणीतून पाहिल्यासारखा दिसतो.

पट्टे: शटर, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, बहुधा १/१२५ सेकंदाच्या आसपास असणार. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. २४-२५ फ्रेमला १/५० तसंही बरं, हालचालीतला धूसरपणा डोळ्याच्या सवयीचा दिसतो. उजेड जास्त वाटला तर शटरला हात लावायचा नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) कमी करा किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा.

खोली काळवंडते ते ऑटो एक्स्पोजरमुळे. दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, कॅमेरा घाबरला. मॅन्युअलवर टाका आणि आत बसलेल्याच्या चेहऱ्याप्रमाणे ठरवा. बाहेरचं पांढरंफटक पडलं तर पडू द्या. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही मॅन्युअल, नाहीतर तोच शर्ट एका शॉटमध्ये निळसर आणि दुसऱ्यात पिवळट.

अर्धाटेक

काका, खांद्याचं गणित वहीत लिहून घेतलं. पण एक शंका. तो बसलेला असताना लाइन दोन खुर्च्यांमध्ये, हे ठीक. चालत असताना लाइन कुठली?

जुना_ट्रायपॉड

चांगला प्रश्न. चालताना त्याची वाट हीच लाइन. दारातून आत आला आणि फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे चालला, तर पुढच्या शॉटमध्येही डावीकडूनच उजवीकडे गेला पाहिजे. नाहीतर वाटतं, हा काहीतरी विसरला आणि परत फिरला.

बसला की नवी लाइन, त्याच्या आणि समोरच्याच्या नजरेची. म्हणजे एका प्रसंगात दोन लाइनी झाल्या. मधला सांधा कसा करायचा? तीन वाटा आहेत. कॅमेरा कट न करता हलवत नव्या बाजूला न्या, बघणारा तुमच्याबरोबर चालत येतो. किंवा नट स्वतःच फ्रेममध्ये वळू दे. किंवा मध्ये असा एक शॉट टाका ज्यात दिशाच नाही: अगदी समोरून, लेन्सच्या रोखाने चालत येणारा माणूस, किंवा टेबलावरचा हात. त्यानंतर कुठूनही घ्या, चालतं.

बसण्याच्या क्रियेवर कट मारा, हे मात्र नक्की. लाँगमध्ये बसायला सुरुवात, मिडमध्ये बूड टेकतं. यासारखा गोड कट नाही, आणि या सरावात तो आयता दिलाय.

तिरकस

आता थोडं गंभीरपणे. हे सगळे नियम कोणासाठी पाळायचे? मोबाइलवर रोज बघता त्या निम्म्या व्हिडिओंत वाक्यागणिक जंप कट, म्हणजे तुझ्या त्या टुणकन उडीसारखा कट, असतो. लाइन नाही, ३० अंश नाहीत, काही नाही. लोक बघतात, समजतातही. डोळ्याला सवय झालीय. पोरांना जुन्या स्टुडिओच्या शिस्तीत कशाला कोंबायचं?

दुसरं म्हणजे, दार उघडून खुर्चीत बसायला बारा शॉट लागतातच कशाला? कोणी विचारलंच नाही.

कातरकाम

तिरकस, पहिल्या मुद्द्याशी असहमत, दुसरा मान्य.

व्हिडिओतला एकटा माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. तिथे खोली नाही, दुसरा माणूस नाही, दिशा नाही, त्यामुळे तोडायला लाइनच नसते. दोन माणसं खोलीत बसली की कोण कुठे आहे हा प्रश्न उभा राहतोच. आणि जंप कट मुद्दाम मारलाय की चुकून पडलाय, हे बघणाऱ्याला एका सेकंदात कळतं. धागाकर्त्याचा चुकून पडलाय, त्याला स्वतःलाही कळलंय. मुद्दाम मोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'स्टाइल आहे' हे उत्तर मला एडिट टेबलवर इतक्यांदा मिळालंय, की आता मी त्यांना दुसरा टेक दाखवा म्हणते. दुसरा टेक नसतोच.

खडूफळा

मी शिकवतो, म्हणून थोडं लांबण लागेल. सवयीचा दोष.

तिरकसांनी विचारलेला 'बारा का?' हा खरा प्रश्न आहे. मी मुलांना हाच प्रसंग आधी एकाच शॉटमध्ये करायला लावतो. एकही कट नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, हवं तर पॅन करा (जागच्या जागी डावी-उजवीकडे वळवा), पण बंद करायचा नाही. मग धावपळ सुरू होते: हा दारातून येतो तेव्हा बसलेला फ्रेममध्ये दिसतोय का, खुर्ची दोन वीत सरकवली तर दोघं एका चौकटीत बसतील का, हा चालताना दुसऱ्याला झाकतोय का. यालाच ब्लॉकिंग म्हणतात. नट कुठून कुठे जातो ते ठरलं, की कॅमेरा कुठे हवा हे निम्मं आपोआप ठरतं. ज्या क्षणी त्या एका शॉटमध्ये बघणाऱ्याला 'अरे, मला त्याचा चेहरा जवळून बघायचाय' असं वाटतं, तिथे क्लोजअप. त्या आधी नाही. त्यानंतर तोच प्रसंग तीन शॉटांत, मग सहांत. बारापर्यंत आजवर कोणी पोचलं नाही.

दुसरी अट घालतो ती फुटेजची. १६ मिमी फिल्मचा १०० फुटांचा रोल सेकंदाला २४ फ्रेमने २ मिनिटं ४६ सेकंद चालतो. मी सांगतो, समजा तुमच्याकडे असे दोनच रोल आहेत. साडेपाच मिनिटं, चुकलेले टेक धरून. कार्डावर तासन्‌तास रेकॉर्ड होतं हे मलाही माहीत आहे, पण रोल संपत आला की रिहर्सल आपोआप होते. पोरं कुजबुजायला लागतात, कोणीतरी घड्याळ लावतं.

अवांतर, पण या धाग्याला धरूनच: फिल्मची टंचाई ही सिनेमाच्या शिक्षणाची जुनी सोबतीण. १९१९ साली मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली, तेव्हा क्रांतीनंतरच्या रशियात कच्ची फिल्म मिळणं दुरापास्त होतं. तिथे शिकवणाऱ्या लेव्ह कुलेशॉव्ह यांनी विद्यार्थ्यांकडून चक्क फिल्मशिवाय फिल्मा करून घेतल्या. प्रसंग शॉटांत तोडायचे, एकेक शॉट प्रेक्षकांसमोर अभिनयाने सादर करायचा, मग पुढचा. कॅमेऱ्यात काही नाही, पण काय दाखवायचं आणि कुठे तोडायचं याचा सराव पूर्ण. त्यांचा दुसरा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटांना जोडला आणि बघणाऱ्यांना त्यावर वेगवेगळे भाव दिसले. मोबाइलवर तासाभरात करून बघता येतो. मित्राचा दहा सेकंदांचा मख्ख चेहरा घ्या, त्याच्यापुढे एकदा रिकामी खुर्ची जोडा, एकदा झोपलेलं बाळ, एकदा बंद दार. मग चौथ्या माणसाला दाखवा आणि विचारा, हा काय विचार करतोय?

कातरकाम

खडूफळा सर, एक शॉट आधी याला अनुमोदन. साडेपाच मिनिटांच्या अटीला मात्र माझा विरोध. मी वर सांगितलं की प्रत्येक क्रिया दोन्हीकडून पूर्ण घ्या, तुम्ही सांगता फुटेज वाचवा. मुलगा करणार काय? धागाकर्त्याने साडेपाच मिनिटंच घेतली होती, त्याचं काय झालं ते वर आहेच!

खडूफळा

त्याने विचार न करता साडेपाच मिनिटं घेतली, मी विचार करायला लावून घ्यायला सांगतो. पण ठीक आहे, तुमच्या टेबलावरून दिसतं ते माझ्या फळ्यावरून दिसत नाही. पहिल्या शूटला नाही, दुसऱ्या शूटला ही अट घालावी, एवढी तडजोड मान्य.

कानसेन

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. नेहमीचंच.

कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेऱ्याजवळचं ऐकतो, नटाजवळचं नाही. वेगळा रेकॉर्डर नसेल तर दुसरा मोबाइल नटाच्या जवळ, फ्रेमच्या जराशा बाहेर ठेवा. टेबलावर ठेवणार असाल तर खाली रुमाल, नाहीतर कोपर टेकल्याचा प्रत्येक ठोका येईल. प्रत्येक टेकला क्लॅप द्या. पाटी नसेल तर फ्रेममध्ये हाताने एक टाळी, ती चित्रात आणि आवाजात जुळवली की पुढचं सगळं जुळतं. पंखा बंद. आणि निघण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा ३० सेकंद आवाज घ्या. दोन क्लोजअपमधली शांतता वेगवेगळी ऐकू येते, तिथे तो खाली पसरायला लागतो. त्या ३० सेकंदांत कोणीतरी हसतंच. पुन्हा घ्या.

नवखी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

माझा प्रश्न: आमच्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल. क्लोजअपमध्ये नाक मोठं दिसतं. गिंबल (मोबाइल स्थिर धरणारा दांडा) घेतला तर सुधारेल का?

जुना_ट्रायपॉड

नवखी, गिंबलचा आणि नाकाचा काही संबंध नाही. :)

मोबाइलची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, म्हणजे आजूबाजूचं खूप टिपते. चेहरा फ्रेमभर यावा म्हणून तू हातभर अंतरावर जातेस. त्या अंतरावर नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. दोष अंतराचा. दुसरी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर ती निवड आणि पाच-सहा फूट मागे ये. चेहरा तेवढाच भरेल, नाक जागेवर जाईल.

हे एकदा डोळ्यांनी बघून घे. १८-५५ मिमीची साधी किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स) असलेला कॅमेरा कोणाकडून तासभर मिळव. एकाच माणसाचा चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवून १८, ३५ आणि ५५ वर घे. दर वेळी मागे सरकावं लागेल, ५५ ला १८ च्या तिप्पट अंतर. चेहऱ्याचा आकार तोच, पण मागची खिडकी बघ: १८ ला कुठेतरी लांब, लहानशी, ५५ ला खांद्याला येऊन टेकलेली. झूम करणं आणि चालत जवळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी का, हे मला असिस्टंट होऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं. कोणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची लाज.

गिंबल नंतर. आधी ट्रायपॉड, नाहीतर पुस्तकांची चळत. कॅमेरा हलवता येत नाही म्हटल्यावर माणसांना हलवायचं सुचतं.

तिरकस

तिसरा पाय न बसणारा ट्रायपॉड हा सगळ्यात मोठा गुरू. स्वानुभव.

अर्धाटेक

मंडळी, परवा पुन्हा शूट झालं. रात्रभर एडिट करून आत्ता लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी गटात भांडण झालं, ते सांगतो. मागच्या वेळी चौघंही दिग्दर्शक होतो, हे आता कळलं. कॅमेऱ्यामागे तीन डोकी आणि वही कोणाच्याच हातात नाही. या वेळी चिठ्ठ्या टाकल्या. मला कंटिन्युइटी आली, म्हणजे शॉटाशॉटांत सगळं जुळतंय का ते बघण्याचं काम. तोंड वाकडं केलं, पण दुपारपर्यंत सेटवर सगळे मलाच विचारायला लागले: कुठला हात? बॅग कुठल्या खांद्यावर? कितवं बटण उघडं होतं? प्रत्येक टेकला शॉट नंबर, टेक नंबर, हात, ओके की एनजी (नो गुड), आणि शेवटच्या फ्रेमचा मोबाइलवर फोटो. सेटवरचं सगळ्यात रटाळ काम, पण त्या दिवशी मी जितकं बघितलं तितकं कॅमेरा हातात असताना बघितलं नव्हतं.

दोरी घातली. एकदा अडखळून पडलो, तोही मीच.

खडूफळा सरांचा एक शॉट आधी केला. तासभर कॅमेरा चालूच केला नाही, नुसत्या फेऱ्या. आणि तिथे एक गोष्ट सापडली जी आमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हती. खुर्चीत बसलेल्या मित्राला काही सांगितलं नव्हतं, तर तो पाहुणा आत आला तरी कागदातून मान वरच करेना. पाहुणा चालत येतो, खुर्ची ओढतो, बसतो, आणि तेव्हा कुठे हा वर बघतो. त्याला विचारलं, असं का? म्हणाला, वाक्य आठवत होतो.

आम्ही ते तसंच ठेवलं. मग शॉट ठरवणं एकदम सोपं झालं. तो वर बघेपर्यंत त्याचा चेहरा दाखवायचाच नाही. दार बाहेरून, दार आतून, चालणं लाँगमध्ये आणि त्यात बसलेल्याची पाठ. खुर्चीत बसण्यावर कट. मग त्याचा क्लोजअप, मान खाली, आणि डोळे वर. आठ शॉट झाले. मागच्या वेळचे तीन क्लोजअप होते, ते का घेतले होते हे आम्हाला चौघांनाही सांगता आलं नाही.

दाराचा कट बसला! बाहेर हँडल अर्धं फिरलं, आत फट उघडली. आधी अडखळत होता, चार फ्रेम काढल्यावर अचानक दार एकच झालं. पंधरा-वीस वेळा नुसतं तेवढंच चालवून बघितलं. रूममेट उठून म्हणाला, दार वाजतंय, बघ कोण आहे.

पट्टे गेले, खोली काळवंडत नाही, खांदे एक उजवा एक डावा. कानसेन, ३० सेकंदांत हसणाराही मीच होतो, दुसऱ्यांदा घेतलं.

आता तक्रार. मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. पाहुणा आत येतो तेव्हा सव्वाबारा. बसतो तेव्हा तीन वाजून पाच. पहिलं वाक्य बोलतो तेव्हा पुन्हा बारा चाळीस. माझ्या वहीत हात, बॅग, बटणं, सगळं आहे, घड्याळ नाही. काही करता येईल का?

तिरकस

म्हणजे भूत होतंच.

कातरकाम

आधी अभिनंदन. चार फ्रेमवाला परिच्छेद दोनदा वाचला.

घड्याळ कुठल्या कोपऱ्यात येतं? शूट ४के मध्ये केलं असेल आणि फिल्म १०८० मध्ये (लांबी-रुंदीला निम्म्या बारकाव्यात) काढणार असशील, तर चित्र दुप्पटपर्यंत मोठं करून घड्याळ चौकटीबाहेर ढकलता येईल, दर्जा फारसा न घालवता.

अर्धाटेक

वरच्या डाव्या कोपऱ्यात. शूट १०८० मध्येच केलंय, कार्डावर जागा वाचावी म्हणून. साडेपाच मिनिटांसाठी.

कातरकाम

मग जिथे चौकट थोडी घट्ट चालेल तिथे दहा-पंधरा टक्के मोठं करून बघ, निम्मं घड्याळ तरी जाईल. ज्या लाँगमध्ये ते पूर्ण दिसतं तो बदलू नकोस, चालणं त्यातच आहे. आणि पुढच्या वेळी खोलीत शिरल्याबरोबर घड्याळाचा सेल काढायचा.

जुना_ट्रायपॉड

आणि निघताना परत घालायचा. आम्ही एकदा विसरलो होतो, घरमालकाची गाडी चुकली.